मानवत रोडला उतरणारी माणसं

आमच्याकडं कुणी तास-दीड तास उशिरा उगवलं की हमखास विचारतात, ‘पॅसेंजरनं आलास काय?’ विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. पॅसेंजर म्हणजे उशीर, हे इतकं ठरून गेलंय की तो उशीर मुळात आला कुठून, असं कुणाला विचारावंसं वाटत नाही.

माझे नाना मात्र याच गाडीविषयी अगदी उलटं बोलायचे. सेलूत त्यांचं किराणा दुकान होतं. दुपारची गाडी गेली की ते गल्ल्यावरून उठायचे, वजू करायचे, आणि मग अजान व्हायची. घड्याळ घरात होतं, पण भरवसा गाडीवर. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतल्या गाड्या नेहमी वेळेवरच असतात, हे मलाही कळतं. तरी गेली काही वर्षं हैदराबाद संस्थानाचा इतिहास वाचताना वाटायला लागलंय की नानांचं म्हणणं नुसतं स्मरणरंजन म्हणून सोडून देता येणार नाही.

ज्या रुळांवरून ती गाडी जायची, त्या मार्गाचं मूळ नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादपर्यंत सुमारे ३९० मैलांचा हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ दरम्यान टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. औरंगाबादला गाडी आली १९०० साली, म्हणजे ऐन दुष्काळात. पण तो कुणी आणि कशाच्या जोरावर चालवला हे समजायला आणखी थोडं मागं जावं लागतं.

संस्थानाची स्वतःची पहिली रेल्वे वाडी ते सिकंदराबाद. ती १८७४ मध्ये सुरू झाली. मुंबई-मद्रास मार्गाला हैदराबाद जोडणं ही इंग्रजांची गरज होती, पैसा प्रामुख्यानं संस्थानाचा. पुढं १८८३ मध्ये ही रेल्वे लंडनमधल्या एका कंपनीच्या हवाली करून चांद्याच्या दिशेनं वाढवायची योजना आली. कंपनीच्या भांडवलावर निजाम सरकारनं वीस वर्षं पाच टक्के व्याजाची हमी द्यायची. गाडी भरो की रिकामी जावो, वेळेवर येवो की न येवो, भागधारकाचे पाच टक्के पक्के. नावातच ते होतं: निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे.

यावर हैदराबादेत गदारोळ झाला. अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे वडील) आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारखी मंडळी पुढं आली. कराराचे कागद लोकांसमोर ठेवा, एवढीच त्यांची मागणी होती. अघोरनाथांना त्यापायी हैदराबाद सोडावं लागलं. संस्थानातल्या सार्वजनिक राजकारणाची सुरुवात म्हणून हे ‘चांदा रेल्वे प्रकरण’ सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रेल्वेचा हिशोब प्रवाशाला विचारून नाही, तर भांडवलाला विचारून मांडायचा, हे इथं कायम झालं. आता तिकिटावर छापलेलं असतं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते. म्हणजे उरलेले उपकार. भागधारकाच्या पाच टक्क्यांचे उपकार त्या काळी कुणाच्या तिकिटावर छापले नव्हते.

गोदावरी खोऱ्यातली ही रेल्वेही चालवायला त्याच कंपनीकडं गेली. तिच्यामुळं मराठवाड्याचं शेत बदललं. जालना, परभणी, सेलू, नांदेड इथं जिनिंग उभ्या राहिल्या आणि कापूस मुंबईकडं निघाला. मनमाडला रुळाची रुंदी बदलायची. तिथं प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून हमालांनी दुसऱ्यात चढवायची. माणसांचंही तेच, फरक इतकाच की ती आपापल्या पायानं चढायची. मुंबईला निघालेल्या मराठवाड्यातल्या माणसाला मनमाडला पोरंबाळं, वळकट्या घेऊन फलाट बदलावा लागे, आणि पुढच्या गाडीशी मेळ बसला तर बसला. हा प्रकार थोडाथोडका नाही, जवळजवळ ब्याण्णव वर्षं चालला.

आणि ही माणसं किती होती? भारतभरचं चित्र असं की शंभरातले नव्वदहून अधिक प्रवासी तिसऱ्या वर्गाचे. रेल्वे सुरू होताना अनेक साहेबांना खात्री होती की जातपात पाळणारे गरीब हिंदी लोक एका बाकावर बसणार नाहीत, त्यामुळं प्रवासी मिळणार नाहीत. लोकांनी पहिल्या काही वर्षांतच ती खोटी ठरवली. प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटाही याच वर्गाचा होता. त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळत होतं ते गांधीजींनी १९१७ साली मुंबई-मद्रास प्रवासानंतर सविस्तर लिहून ठेवलंय. ते मी इथं पुन्हा सांगत नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत गोष्ट वेगळी होते ती १९३० मध्ये. १ एप्रिल १९३० ला निजाम सरकारनं रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. आता मालक लंडनला नव्हता, हैदराबादेत होता. तोवर मोटारी आल्या होत्या आणि देशभर रेल्वेचे जवळच्या पल्ल्याचे प्रवासी पळवत होत्या. ब्रिटिश हद्दीत यावर अहवाल लिहिणं चाललं होतं. १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस यांचा, १९३७ मध्ये वेजवुड समितीचा. हैदराबादनं १९३२ च्या जूनमध्येच साधा उपाय केला. रेल्वेनंच बस काढल्या. २७ गाड्या, १६६ नोकर, आणि नाव निजाम स्टेट रेल्वेचं रोड ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट. गाड्या विलायतेतल्या अल्बियन कंपनीच्या. (आंध्र-तेलंगणच्या एसटीच्या नंबरात जो ‘झेड’ असायचा, तो सातव्या निजामाच्या आईच्या, जोहरा बेगमच्या नावाचा, असं सांगतात. खरंखोटं अल्ला जाणे, पण गोष्ट छान आहे.)

निजामाच्या कारभाराची आरती ओवाळायचा माझा बिलकूल इरादा नाही. त्या राजवटीत मराठवाड्याच्या वाट्याला काय आलं ते सगळ्यांना माहीत आहे, माझ्या घरातही माहीत आहे. पण वाहतुकीपुरतं बोलायचं तर १९३२ ची ही कल्पना पुढच्या अनेक समित्यांहून शहाणी होती. स्टेशन गावापासून लांब असतं. गाडी कितीही वेळेवर आली तरी स्टेशनापासून गावापर्यंत पोचायला दोन तास लागले, तर त्या वेळेवर येण्याला काय चाटायचंय? प्रवासी रुळावर असो की रस्त्यावर, तो एकाच खात्याचा प्रवासी. बसनं रेल्वेचं गिऱ्हाईक पळवायचं नाही, रेल्वे जात नाही तिथं ते पोचवायचं. गाडीला उशीर झाला तर तो बसचाही उशीर, आणि दोन्हींचा हिशोब एकाच दारात.

ही व्यवस्था जेमतेम एकोणीस वर्षं टिकली. १९५१ च्या नोव्हेंबरात दोन गोष्टी झाल्या. निजाम स्टेट रेल्वे केंद्र सरकारच्या नव्या मध्य रेल्वेत गेली, आणि बस हैदराबाद राज्य सरकारच्या खात्यात आल्या. त्या वेळी यात कुणाला वावगं वाटलं नसणार. देश एक होत होता आणि रेल्वे एकाच हातात असणं गरजेचं होतं. पुढं १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा एसटी महामंडळात विलीन झाली. रेल्वेचं तिसरंच सुरू होतं. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि मराठवाड्याचे रूळ सिकंदराबादच्या हुकमतीत गेले. म्हणजे बसचं वेळापत्रक मुंबईत ठरणार, गाडीचं सिकंदराबादेत, आणि दोन्हींच्या मध्ये उभा माणूस सेलूत. या तीन गावांचं एकमेकांशी बोलणं व्हावं अशी कुठली खिडकीच उरली नाही. त्यानंतर एसटी गावोगाव पोचली ती रेल्वेला जोडून नाही, तिच्याशी स्पर्धा करत. जवळचा प्रवासी पॅसेंजर सोडून एसटीत बसला. त्याला दोष कोण देईल? एसटी त्याच्या पारापर्यंत येत होती.

मराठवाड्याच्या विकासाचं आंदोलन झालं तेव्हा, १९७४ च्या आसपास आणि नंतरही, गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी रेल्वेचा प्रश्न लावून धरला. घोषणा होती ब्रॉडगेजची. ती रास्तच होती, मनमाडची अडगळ जायलाच हवी होती. १९९२ मध्ये मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज झालं, पुढच्या काही वर्षांत परभणीच्या पलीकडं गेलं. मुंबईला थेट गाड्या मिळाल्या. पण रुंद झाला तरी रूळ मनमाडपासून परभणीपर्यंत एकेरीच राहिला, आणि त्याच्यावर एक्स्प्रेस वाढल्या, मालगाड्या वाढल्या.

एकेरी मार्गाचा कायदा सोपा आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. पूर्वी यासाठी लोखंडी गोळा असायचा, रिंगणातल्या पिशवीत घालून ड्रायव्हरला दिलेला. गोळा हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. समोरून गाडी येत असेल तर एकीनं बाजूच्या लूप लाइनवर थांबायचं. कुणी थांबायचं, ते गाडीच्या दर्जावरून ठरतं. एक्स्प्रेस येतेय, पॅसेंजर थांबेल. सुपरफास्ट मागून येतेय, पॅसेंजर थांबेल. रोटेगावला, परसोड्याला, सातोन्याला थांबेल. आपण ज्याला पॅसेंजरचा उशीर म्हणतो, त्यातला मोठा भाग हा दुसऱ्या गाड्यांचा वेळेवरपणा असतो. तो पॅसेंजरच्या प्रवाशांकडून काढून तिकडं दिलेला असतो.

आणि त्याची नोंदही नीट होत नाही. रेल्वेच्या वक्तशीरपणावरच्या आपल्या अहवालात कॅगनं हेच दाखवून दिलंय की गाडी वेळेवर आली की नाही हे शेवटच्या स्टेशनावर मोजलं जातं, आणि तिथंही पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरत नाहीत. शिवाय वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जादा मिनिटं ठेवलेली असतात, वाटेतला उशीर भरून काढायला. त्यामुळं असं होऊ शकतं की सेलूला गाडी तासभर उशिरा आली, परतूरला पाऊण तास उशिरा, आणि अखेरच्या स्टेशनावर ती कागदोपत्री वेळेवर पोचली. सेलूच्या कोर्टात तारीख चुकलेला आणि परतूरच्या बाजारात बैल विकायला उशिरा पोचलेला माणूस या हिशोबात नाहीत.

२०२० च्या मार्चमध्ये सगळ्याच गाड्या थांबल्या. पॅसेंजर परतल्या त्या सर्वांत शेवटी, आणि परतल्या तेव्हा अनेकींच्या नावात ‘एक्स्प्रेस स्पेशल’ जोडलेलं होतं. गाडी तीच, वेग जवळपास तोच, पण किमान भाडं दहाचं तीस रुपये. काही ठिकाणचे थांबे गेले. शेजारच्या गावी शाळा-कॉलेजला जाणारी पोरं, रोजंदारीच्या बाया, भाजीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या मावश्या यांच्यासाठी एका फेरीत चाळीस रुपये जादा म्हणजे कमाईचा लचकाच. यातल्या कितीजणांनी गाडी सोडली आणि कितीजणांनी कामच सोडलं, हे प्रवासीसंख्येच्या तक्त्यात वेगवेगळं दिसत नाही. दोन्हीकडं प्रवासी घटला एवढंच दिसतं. आणि प्रवासी घटला की गाडी परवडत नाही म्हणायची सोय होते. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर जुनं भाडं पुन्हा लागू झालं.

या मार्गावर मानवत रोड नावाचं स्टेशन आहे. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असेल तर समजावं की ते गाव इथं नाही, इथून गावाकडं फक्त रस्ता जातो. मागं संध्याकाळी मी तिथं उतरलो तेव्हा बाहेर तीन-चार ऑटो उभे होते. एका चाचांना विचारलं, ‘गाडी किती वाजता येणार, हे तुम्हाला कसं कळतं?’ त्यांनी मोबाइल दाखवला, आणि म्हणाले, ‘मागच्या टेसनातून सुटली की घरून निघतो, बेटा. सवारी तर आपलीच आहे ना.’ दोन सीट भरायच्या होत्या. आम्ही थांबलो.