आठ जोड्यांचा हिशेब

इतिहास म्हटला म्हणजे राज्यक्रांत्या, लढाया व तह हेच आमच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. १७८९ हें साल उच्चारतांच पॅरिसमधील बॅस्तीलचा तुरुंग आठवतो; परंतु तेंच साल मुखपृष्ठावर धारण करणारें एक साधें पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें, त्याचें स्मरण सहसा कोणास होत नाहीं. हॅम्पशायर परगण्यांतील सेलबोर्न नांवाच्या खेड्याचा तो निसर्गेतिहास असून त्याचा कर्ता गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हा तेथील एक धर्मोपदेशक होता. एका मनुष्यानें एकाच गांवाच्या वाटा वर्षानुवर्षें तुडविल्यानें ज्ञानांत केवढी भर पडते, हें ह्या पुस्तकावरून आम्हांस शिकावयाचें आहे.

ऑक्सफर्डचें शिक्षण घेऊन व्हाइट अखेर आपल्या जन्मगांवींच राहिला. टॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन ह्या दोन विद्वानांस लिहिलेलीं पत्रें हाच त्याच्या पुस्तकाचा गाभा होय. शिवाय १७६८ पासून थेट मृत्यूच्या महिन्यापर्यंत, म्हणजे जून १७९३ पर्यंत, त्यानें निसर्गाची रोजनिशी ठेविली. वारा कोणता, पाऊस किती, कोणतें फूल उमललें, कोणतें पांखरूं प्रथम दिसलें, असल्या नोंदींनीं ती भरलेली आहे.

इंग्लंडांतील ग्रीष्मारंभ म्हणजे आपल्याकडील वैशाखवणवा नव्हे. एप्रिल सरून मे लागला कीं तेथें बीच वृक्षांस कोंवळी पालवी फुटते, आणि दक्षिणेकडून आलेल्या पांखरांनीं रानें गजबजून जातात. त्यांत हिरवट-पिवळ्या रंगाचे कांहीं इवलेसे कीटकभक्षक पक्षी असत. दिसण्यांत इतके सारखे कीं त्यांच्या जातींविषयीं सर्वत्र घोळ होता. व्हाइटनें कान देऊन ऐकिलें. एक पक्षी दोनच स्वर पुनःपुन्हां घोळवितो. दुसरा गोड उतरत्या सुरांत गातो. तिसरा उंच बीचच्या शेंड्यावर पंख थरथरवीत सळसळता आवाज काढतो. नमुने समोर ठेवून त्यानें त्यांचें रूपही ताडून पाहिलें, आणि १७ ऑगस्ट १७६८ च्या पत्रांत ह्या तीन निराळ्या जाती असल्याचें निःसंदिग्धपणें कळविलें. भेदाची खात्रीची खूण मात्र ज्याचा त्याचा स्वर हीच होती.

रातव्याविषयींचीं त्याचीं टिपणें अशींच मनोरम आहेत. दिवस मावळतांच हा पक्षी घरघर सुरू करी, ती इतकी नेमकी कीं पोर्ट्समथच्या बंदरांतील सायंकाळची तोफ व तिचा आरंभ हीं अनेकदां एकाच क्षणीं ऐकूं आलीं. एके संध्याकाळीं टेकडीच्या उतारावरील गवती झोपडींत मंडळी जमली असतां एक रातवा तिच्या शेंड्यावर येऊन बसला, आणि त्या चिमुकल्या कंठाच्या नादानें सारी झोपडी कंप पावूं लागली!

परंतु आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती पाकोळ्यांची मोजदाद. गांवांत दर उन्हाळ्यांत सुमारें आठच जोड्या येतात. त्यांतील निम्म्या चर्चमध्यें व उरलेल्या गरिबांच्या गवती छपरांत राहतात, असें त्यास वर्षानुवर्षें आढळलें. मग त्यानें प्रश्न केला: अपघातांची वजावट करूनही ह्या आठ जोड्यांपासून दरसाल नव्या आठ जोड्या होत असतील, तर ही वाढ जाते कोठें? माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध १७९८ चा. हा प्रश्न त्याच्याही पूर्वींचा आहे.

व्हाइट सर्वज्ञ नव्हता. भिंगऱ्या हिवाळ्यांत परदेशीं जातात कीं जवळपासच कोठें कपारींत निद्रिस्त राहतात, ह्याचा पुरता निर्णय त्यास करतां आला नाहीं. जिब्राल्टर येथील भावाकडून स्थलांतराचा पुरावा आला, तरी गांवांत उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या भिंगऱ्या पाहून त्याची शंका फिटेना. पण शंका ही त्यानें शंका म्हणूनच लिहिली, ह्यांत त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

चार्ल्स डार्विननें बालपणीं हें पुस्तक वाचलें, व त्यायोगें पक्ष्यांचे आचार पाहण्यांत आपणांस गोडी वाटूं लागली, असें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पाहण्याची हीच रीत आपल्या कोंकणांतही फळास आली. १९३० च्या पावसाळ्यांत अलिबागेजवळील किहीम येथें सालिम अली ह्यांनीं सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर चिकाटीनें नजर ठेविली. नर एकामागून एक घरटीं विणतो व अनेक माद्यांशीं संसार थाटतो, हें त्यांनीं उलगडून दाखविलें. साधनें काय, तर दृष्टि, वही आणि धीर!

अशा नोंदींचें मोल आज अधिकच जाणवतें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पक्ष्यांच्या आढाव्यांत पाकोळीचें नांव लाल यादींत, म्हणजे सर्वाधिक चिंताजनक स्थितींतील पक्ष्यांत, गेलें. व्हाइटनें ओळखलेल्या त्रयींतील तिसरा पक्षीही त्याच यादींत आहे. सेलबोर्नपुरतें तरी पूर्वीं काय होतें हें सांगतां येतें, कारण तेथें कोणीं तरी मोजून ठेविलें होतें. आपल्या गांवच्या देवळांत पाकोळ्या किती होत्या, नवरंग कोणत्या तिथीस आला, पावश्या प्रथम केव्हां बोलला, हें आमच्या आजोबांनीं कोठें लिहिलें आहे? राजांच्या बखरी आम्हीं लिहिल्या. पांखरांची बखर लिहावयाची राहिली. जें मोजलेंच नाहीं, तें हरपल्याचा शोक तरी कसा करावा? येत्या वैशाखांत पहांटे मुलांस घेऊन गांवाबाहेर जावें, आणि परतल्यावर जें पाहिलें तें तारखेसह वहींत उतरावें. तेवढ्यानेंही त्या बखरीचा आरंभ होईल.