बक्षीस आणि हक्काची भाकरी

आम्ही मानसशास्त्राचे पदवीधर नव्हेत. कामगार-संघटनेच्या धावपळीत जे हाती लागले ते वाचीत गेलो, एवढेच आमचे शिक्षण. हल्ली स्वमग्न मुलांना शिकविण्यासाठी, मनोरुग्णांची देखभाल करण्यासाठी तरुण मुलेमुली वर्तनतंत्रज्ञ म्हणून तयार होत असतात. त्यांच्या पहिल्या धड्यांतील प्रबलन, विलोपन, दंड हे शब्द आम्ही वाचले आणि ते ओळखीचे वाटले. कन्हान-कामठीच्या खाणपट्ट्यात वावरलेल्या माणसाला हे सारे कामाच्या दारात दिसलेले असते.

आमच्या तरुणपणी एका ठिकाणी जुने साहेब कामगारांच्या अर्जाला उत्तर देत. नवे आले आणि उत्तरे बंद झाली. पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही एक अर्ज केला, दुसरा केला, तिसरा लाल शाईने केला, चौथ्यात मजकूर दुप्पट वाढविला. मग अर्ज करणेच सोडले. नेहमीचे फळ मिळेनासे झाले की कृती आधी उसळी घेते आणि मग विझते, हेच विलोपन. पुढे एके दिवशी दारात घोषणा दिल्या आणि तासाभरात आतून बोलावणे आले. घोषणेला फळ मिळाले म्हणून घोषणा बळावली, हे प्रबलन. आम्ही आत जाताच बाहेरचा गलका थांबला, म्हणून साहेबांनाही बोलावण्याची सवय लागली. नकोसे काही टळल्यामुळे कृती बळावते ते ऋण प्रबलन. त्याला दंड समजू नये. दंडाने कृती घटते, येथे ती वाढते. या कामगारांना ओरडण्याची खोडच आहे, असे साहेब म्हणत. ती खोड शिकविली कोणी, हे त्यांनी कधी विचारले नाही!

या विचाराचा इतिहास मांजर-उंदरांपासून सुरू होतो. थॉर्नडाइकने 1898 साली पेटीत कोंडलेल्या मांजरांची धडपड नोंदली. स्किनरचा पहिला मोठा ग्रंथ 1938 चा. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचे साल 1959. त्या वर्षी एलॉन आणि मायकेल यांनी कॅनडातील वेबर्न येथील मनोरुग्णालयाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथे उपचाराचे काम परिचारिकांच्या हाती दिले होते. एक रुग्ण स्त्री दिवसाकाठी सरासरी 16 वेळा त्यांच्या खोलीत घुसे. त्या तिला समजावीत, हाताला धरून बाहेर नेत. हे सारे लक्ष देणेच तिला फळासारखे होते. परिचारिकांनी आधी नुसते मोजले, मग तिच्या येण्याकडे लक्ष देणे सोडले. सातव्या आठवड्यात फेऱ्या दोनवर आल्या. आधी मोजा, मग हात घाला, हा तंत्रज्ञाचा पहिला पाठ तेथून मिळतो. वॉर्डात दिवसभर राबणाऱ्याची नोंद शास्त्राने आधार म्हणून घेतली, याचा आम्हांला आनंदच वाटला.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. 1962 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांना जेवणघरात शिरण्यासाठी नाणे टाकावे लागे, आणि ते नाणे ठरवून दिलेले काम करून मिळवावे लागे. इलिनॉयमधील अॅना येथे एलॉन आणि अॅझरिन यांनी 1961 पासून बिल्ल्यांची पद्धत चालविली. स्वयंपाकघरात, धुलाईत मदत केली की बिल्ला. बिल्ला दिला की आवडीची खोली, थोडा आडोसा, बाहेर फेरफटका. काम वाढले, यात शंका नाही. आमचा प्रश्न एवढाच की, त्या कामाला मजुरी म्हणायचे की औषध?

याचे उत्तर अलाबामात मिळाले, आणि तेही नोकरकपातीच्या भांडणातून. 1970 साली ब्राइस मनोरुग्णालयातील सुमारे शंभर कर्मचाऱ्यांना पैशाअभावी काढले. त्यांच्याबरोबर रिकी वायट नावाच्या पंधरा वर्षांच्या रुग्णाच्या नावाने दावा गुदरला गेला. काढलेल्यांत त्याची मावशी होती असे सांगतात. कर्मचाऱ्यांचा प्रश्न बाजूला पडला, रुग्णांचा उभा राहिला. 1972 साली न्यायमूर्ती जॉन्सन यांनी ठरविले की, रुग्णालय चालविण्याच्या कामाला रुग्णास जुंपू नये, त्याने खुशीने केले तर किमान वेतन द्यावे. पुरेसे अन्न, बिछाना, खुर्ची, आडोशाचा पडदा हे त्याचे हक्क ठरले. अॅनात जो आडोसा बिल्ल्याने विकत घ्यावा लागे, तो येथे हक्काच्या यादीत गेला.

आमच्याकडे कामगाराच्या बाबतीत हा विचार पूर्वीच झाला होता. 1936 च्या वेतनाच्या कायद्याने पगार चलनी नाण्यांत वा नोटांत देण्याचे बंधन घातले. दंड मुळात रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको, आधी त्याचे म्हणणे ऐकावे, पंधरा वर्षांखालच्याला दंडच नको, आणि प्रत्येक दंड नोंदवहीत चढवावा, असे त्यात होते. रुग्णाच्या वाट्याला हे फार उशिरा आले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 20 ने त्याला सक्तीच्या कामापासून संरक्षण दिले, केलेल्या कामाचा योग्य मोबदला दिला, आणि सकस अन्न व खाजगीपणाही हक्कात धरला. आपल्या नागपूरचे मनोरुग्णालय 1864 पासूनचे. हे कलम त्यालाही लागू आहे. शिकाऊ तंत्रज्ञाच्या हाती बिल्ल्यांची पेटी देताना ते पेटीच्या झाकणावर चिकटवून द्यावे, अशी आमची मागणी आहे. मागणी करण्याची खोड आम्हांला कशी लागली, ते वर सांगितलेच आहे.