हजार दाण्यांचा हिशेब

शाळेतल्या मुलांना एकदा हा खेळ करायला सांगा. जोंधळ्याचे एक हजार दाणे मोजून ताटात घ्यावेत. हे दाणे म्हणजे हजार मोठी माणसे, असे समजू. आता एका महिन्याचा हिशेब मांडायचा. ७५० दाणे बाजूला सारा. या माणसांना महिन्याभरात काही ना काही दुखणेखुपणे झाले. त्यांतले २५० वेगळे काढा. हे लोक डॉक्टरकडे गेले. ९ जण रुग्णालयात दाखल झाले. ५ जणांना त्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले. आणि शेवटी एकच दाणा चिमटीत धरा. हा एकटा विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचला.

हा हिशेब माझा नव्हे. मी इतिहास शिकविणारा माणूस. १९६१ साली केर व्हाइट यांनी फ्रँकलिन विल्यम्स आणि बर्नार्ड ग्रीनबर्ग या दोन सहकाऱ्यांसह तो अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आकडे अमेरिका आणि इंग्लंड या देशांतले होते, आपल्याकडचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्यातून जो प्रश्न निघतो तो आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. प्रश्न असा, की उद्याचा डॉक्टर शिकतो कुठे? तो शिकतो त्या एका दाण्याच्या खाटेपाशी. आणि पुढे त्याच्या दारात उभे राहतात ते उरलेले २४९!

असे का झाले, हे समजून घ्यायचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागते. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शिक्षकमंडळींनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट म्हणजे हे फ्लेक्स्नर डॉक्टर नव्हतेच. ते होते केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातले शाळामास्तर. त्यांनी अमेरिका आणि कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालये स्वतः हिंडून पाहिली. त्यांतली कित्येक म्हणजे निव्वळ दुकाने होती. फी भरा आणि डॉक्टर व्हा! प्रयोगशाळा नाही, रोगी पाहायची सोय नाही. फ्लेक्स्नर यांनी हे सारे परखडपणे लिहिले. पुढे त्यांतली बरीच विद्यालये बंद पडली आणि उरलेल्यांना प्रयोगशाळा व रुग्णालय यांची जोड मिळाली. हे काम मोठेच झाले, यात शंका नाही. मात्र शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या भिंतींआड गेले, आणि भिंतीबाहेरचा रोगी विद्यार्थ्याच्या नजरेआड झाला.

व्हाइट यांच्या हे लक्षात आले, याचे कारण त्यांच्या शिक्षणात सापडते. १९१७ साली कॅनडातील विनिपेग येथे जन्मलेला हा माणूस आधी अर्थशास्त्र शिकला आणि मग वैद्यकाकडे वळला. बाजारात माल किती, गरज कुणाला आणि पोचतो कुणापर्यंत, हे विचारायची त्यांना सवय होती. तोच प्रश्न त्यांनी औषधोपचाराला विचारला.

२००१ साली लॅरी ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हा हिशेब पुन्हा केला. या खेपेला मुलेही मोजली. हजारांतल्या ८०० जणांना काही तक्रार होती, २१७ डॉक्टरच्या दवाखान्यात गेले, ८ रुग्णालयात दाखल झाले आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात पोचला तो पुरता एकही नव्हे! चाळीस वर्षांत नवी औषधे आली, नवी यंत्रे आली. पण ताटातल्या दाण्यांची मांडणी जवळजवळ तीच राहिली.

माझा भाचा डॉक्टर होऊन एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाला. पहिल्याच सुट्टीत मला म्हणाला, “मामा, हृदयाचा लाखात एक आढळणारा विकार मी ओळखतो. पण परवा एक बाई आली. अंगात त्राण नाही, एवढंच म्हणाली. काय विचारावं, तेच मला सुचेना.” ती काय खाते, सकाळी किती खेपा पाणी आणते, घरात शेवटी कोण जेवते, हे विचारायला त्याला कुणी शिकविले नव्हते. पोरगा हुशार आहे. चूक त्याची नाही.

मग मार्ग नाही काय? आहे. व्हाइट १९६४ पासून ज्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवीत होते, तिथेच सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य परत आले. १९७० साली त्यांनी नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेडला काम मांडले. गावातल्याच बायांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, मुलांचे वजन, पिण्याचे पाणी, जुलाबावरचे उपाय, या गोष्टी त्या बाया घरोघर पाहू लागल्या. मोठे रुग्णालय नको, असा याचा अर्थ नव्हे. त्या एका दाण्याला ते हवेच. वेळ आली तर तो दाणा तुम्हीआम्हीही असू. पण बाकीच्यांची विचारपूस गावातच व्हायला हवी.

२०२२ पासून आपल्या देशात वैद्यकीय विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच काही कुटुंबांशी नाते जोडावे, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे आरोग्य पाहावे, अशी योजना अभ्यासक्रमात आली आहे. असा एखादा विद्यार्थी उद्या तुमच्या दारी येईल. वही उघडून चाचरत प्रश्न विचारील. त्याला “सगळं ठीक आहे” म्हणून वाटेला लावू नका. घोंगडी टाका, बसवा, पाणी कुठून येते ते दाखवा, म्हातारीचा गुडघा दाखवा, सुनेला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या. त्याच्या महाविद्यालयात जे दाणे कधी पोचत नाहीत, ते तुमच्या घरात आहेत. त्या दिवशी शिकविणारे तुम्ही आहात.