इंजिन बदलताना हीटर काढला? मग कूलंटच्या त्या दोन पाइपांचं काय करायचं

बिलोलीत गाडीला हीटर पाहिजे असं कुणी म्हणालं तर लोक हसतील. काकांच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये अपघातातल्या गाडीचं डिझेल इंजिन बसवत होते, तेव्हा काका म्हणालेच, "हिटर काय करायचंय? मे महिन्यात आख्खी गाडीच हिटर असती." मेकॅनिकने इंजिनासोबत आलेला हीटर बाजूला ठेवला. इंजिनावरच्या दोन नळ्यांना होजचे तुकडे लावून त्यात बोल्ट खुपसले आणि क्लिपा आवळल्या. नरसीपर्यंत गाडी झकास पळाली. तिसऱ्या आठवड्यात हेड गॅस्केट उडालं. काकांचे इंजिनाला घातलेले पैसे अजून फिटायचे होते.

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी कोडिंगची. तेव्हा मीही तिथंच उभा होतो आणि मला काही खटकलं नाही. म्हणून हे लिहितोय.

हीटरमधून पाणी का फिरतं?

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणजे रेडिएटरकडे जायची वाट बंद. तो साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तोपर्यंत वॉटर पंप पाणी ढकलतच असतो, त्यामुळे पाण्याला पंपाकडे परत यायला दुसरी वाट लागते. तिला बायपास म्हणतात. काही इंजिनांत बायपाससाठी वेगळी नळी किंवा ब्लॉकच्या आत भोक असतं. काही इंजिनांत मात्र हीटरची लाइन हाच बायपास असतो. ती बंद केली की हेडमधलं पाणी जागच्या जागी उकळायला लागतं आणि थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी वेळेत पोचत नाही. सेन्सरही त्याच बाजूला असेल तर काटा मधेच निवांत बसतो. आमचा तसाच बसला होता.

आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं?

खात्रीचं उत्तर त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतं. ते नसेल तर मूळ गाडीचा हीटर कंट्रोल बघा. हीटर बंद केल्यावर व्हॉल्व्ह त्या लाइनचं पाणी पूर्ण थांबवत असेल, तर बायपास दुसरीकडे आहे. नळ्यांना टोपणं चालतील. व्हॉल्व्ह नसेल, किंवा चार नळ्यांचा असेल (हा हीटर बंद असतानाही पाणी परत पाठवतो), तर लाइन चालू ठेवा. शंका असली तरी चालूच ठेवा.

चालू ठेवायची म्हणजे इंजिनातून निघणारी नळी आणि पंपाकडे परतणारी नळी एकाच होजने जोडायची. त्याआधी मोबाइलवर सगळ्या नळ्यांचे फोटो काढा. त्याच लाइनवरून ऑइल कूलर किंवा ईजीआरला फाटा गेलेला असतो, तो तुटता कामा नये.

होज कसा न्यायचा?

सरळ होज यू आकारात वाकवला की मधेच मुडपतो आणि मग बंद केल्यासारखंच. साच्यात वळवलेला होज घ्या किंवा मधे धातूची वाकडी नळी टाका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून होज बॉडीला बांधणार असाल तर थोडा सैल सोडा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळा.

मूळ मापापेक्षा जाड होज नको. हीटरच्या बारीक नळ्या पाण्याला थोडं अडवायच्या; आता ती अडवणूक गेली. जास्त गरम पाणी रेडिएटर टाळून परत आलं तर आपल्या उन्हात ते महागात पडतं. काही जण यासाठी लूपमध्ये लहान भोकाचा तुकडा बसवतात, पण भोकाचं माप अंदाजाने ठरवू नका.

लूप सगळ्यात उंच जागी आला तर त्यात हवा अडकते. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा आणि इंजिन थंड असतानाच झाकण उघडा. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या जवळ उकळतं. गरम असताना झाकण काढलं तर तोंडावर येईल.

"वॉलच काढून टाका" हा गॅरेजमधला सल्ला ऐकू नका. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापत नाही, आणि ज्या इंजिनांत तो उघडताना बायपास बंद करतो, तिथं उलट गाडी जास्त गरम होते.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. एमएच-२६ गाडी असेल तर नांदेडच्या आरटीओत जावं लागेल, आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागेल.