गाण्याखाली नाव कुणाचं?

१९४९ साली 'महल' आला. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, पडद्यावर मधुबाला, आणि झोपाळ्यावरचं ते गाणं, जे दर पिढीला एकदा तरी नव्याने सापडतंच. या गाण्याची ७८ आरपीएमची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव काय छापलं होतं माहितीये? कामिनी. आता ही कामिनी कोण बुवा? तर मधुबालाने सिनेमात जे पात्र रंगवलं, त्याचं नाव! लता मंगेशकर हे नाव तबकडीवर नव्हतंच.

हा काही एकट्या 'महल'चा घोळ नव्हे. बोलपट सुरू झाले तेव्हा नट-नट्या स्वतःच गायचे, त्यामुळे गाणं कुणाचं हा प्रश्नच नव्हता. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन आलं आणि गाणारा एक, ओठ हलवणारा दुसरा असा प्रकार सुरू झाला. पण प्रेक्षकांना ते कळू द्यायची निर्मात्यांना काही घाई नव्हती. नायिका गाते असं वाटतंय ना, मग वाटू द्या की.

पण ऐकणाऱ्यांना चैन पडेना. रेडिओवर गाणं लागलं की आकाशवाणीला पत्रांवर पत्रं: ही गायिका कोण? शेवटी आकाशवाणीने रेकॉर्ड कंपनीकडून नाव मिळवलं आणि लताबाईंचं नाव रेडिओवरून सांगितलं गेलं. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हा किस्सा फार आवडतो. युजर्सनी बग रिपोर्ट केला, आणि इतक्या जणांनी केला की डेटा दुरुस्त करावाच लागला.

सिनेसंगीताच्या चाहत्यांबद्दल बोलताना आपण नेहमी त्यांच्या वेडाबद्दल बोलतो. रफी की किशोर हे भांडण, पाठ असलेली अंतऱ्यामधली बासरी वगैरे. पण मला वाटतं, या चाहत्यांचं खरं काम वेगळंच आहे. ते नावं मागत आले आहेत. धंद्याने जी नावं गाळली ती त्यांनी परत आणली, आणि जमलं तिथे त्यात हळूच स्वतःचंही नाव घुसवलं.

लताबाई स्वतःही या बाबतीत गप्प बसणाऱ्या नव्हत्या. 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी १९५७ मध्ये शंकर-जयकिशनना फिल्मफेअर मिळालं, तेव्हा समारंभात गायला त्यांनी चक्क नकार दिला. का, तर पुरस्कार संगीतकाराला, गाणाऱ्याला काहीच नाही. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'साठी.

आता केसकरांकडे वळू. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले पुण्याचे, १९५२ ते ६२ नभोवाणी मंत्री. शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेसंगीत म्हणजे पाश्चात्त्य चालींची उसनवारी, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर सिनेगीतांचा वेळ कमी झाला. वर आणखी एक अट: गायकाचं नाव सांगायचं, पण सिनेमाचं सांगायचं नाही, ती जाहिरात होते. (तीन वर्षांपूर्वी गायकाचं नाव गायब होतं, आता सिनेमाचं!) निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत सिनेगीतं आकाशवाणीवरून नाहीशी झाली.

केसकरांना व्हिलन ठरवणं सोपं आहे, सगळे तेच करतात. मला ते पूर्ण पटत नाही. संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाले. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत. गदिमा, बाबूजी, दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसायचे असं सांगतात. रेडिओवर चांगलं काही दिलं तर लोक ऐकतात, हा केसकरांचा विश्वास काही अगदीच खोटा नव्हता. चुकलं ते इतकंच, की हे ऐकणारा माणूस ते ऐकणार नाही असं त्यांनी धरून चाललं. त्याला दोन्ही हवं होतं.

आणि ते दुसरं मिळायची सोय समुद्रापलीकडे होती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी सिलोनमध्ये एक दणदणीत शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवला होता. युद्धानंतर तो रेडिओ सिलोनकडे गेला. त्याचा आवाज भारतभर पोचायचा आणि जाहिरातींना तिथे मज्जाव नव्हता. ३ डिसेंबर १९५२ ला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. टूथपेस्टचं प्रायोजकत्व, निवेदक अमीन सायानी. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि बुधवारी संध्याकाळी तीच गाणी पुन्हा भारतात ऐकू यायची. दिल्लीने दार लावलं, लोक कोलंबोच्या खिडकीतून आत आले.

सुरुवातीला ही मालिका म्हणजे एक स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची, ती श्रोत्यांनी क्रमाने लावून पाठवायची, बक्षीस शंभर रुपये. सायानींनी नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की त्या काळी एखाद्या कार्यक्रमाला दोनशे पत्रं आली तरी डोक्यावरून पाणी. इथे पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आली. पुढे आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. एवढी पत्रं तपासणार कोण? मग १९५४ पासून स्पर्धा बंद आणि क्रमवारी सुरू. गाण्यांच्या 'पायदान' आल्या आणि बुधवारी रात्री गल्लोगल्ली वाद सुरू झाले.

क्रमवारी आधी दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीवर ठरायची. पण दुकानदाराला गाठून आकडे फुगवता येतात हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. (रेटिंगमध्ये घोळ हा काही ऑनलाइन शॉपिंगचा शोध नाही.) मग गावोगावच्या श्रोता संघांची मतंही धरली जाऊ लागली. म्हणजे नुसते ऐकणारे आता मतदार झाले.

३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. म्हणजे केसकर मंत्री असतानाच सिनेगीतं सरकारी रेडिओवर परत आली! पोस्टकार्डांनी सरकारचं धोरण बदलायला लावलं असं म्हणणं जरा धाडसाचं होईल, श्रोते आणि जाहिराती सिलोनला चालल्या होत्या हेही होतंच. पण पोस्टकार्डांशिवाय ते झालं नसतं असं मला वाटतं.

आणि मग झुमरी तलैया. आज झारखंडमध्ये, तेव्हा बिहारमध्ये, कोडरमाजवळचं अभ्रकाच्या खाणींचं गाव. या गावातून फर्माईशी इतक्या यायच्या की हे गाव खरंच आहे की निवेदकांनी बनवलंय अशी लोकांना शंका होती. तिथे कुणाची पत्रं जास्त यावर चुरस होती. प्रतिस्पर्ध्याची पत्रं पुढे जाऊ नयेत म्हणून पोस्टातल्या माणसांना पटवायचे, असेही किस्से सांगतात.

गंमत बघा, फर्माईश गाण्यासाठी नसायचीच. लोकप्रिय गाणं तसंही वाजणार होतं. हवं असायचं ते गाण्याआधीचं अर्धं मिनिट: गावाचं नाव, मग स्वतःचं, मग भावांची, मित्रांची, घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची. ज्याचं नाव पेपरात यायचं काही कारण नव्हतं, त्याचं नाव लताबाईंच्या नावाला चिकटून देशभर ऐकू जायचं. हे हास्यास्पद म्हणून हसणारे तेव्हाही होते. मला ते अजिबात हास्यास्पद वाटत नाही.

या चाहत्यांमधलेच काही जास्त चिवट निघाले. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' करायला घेतला. १९३१ पासूनचे सिनेमे, दशकानुसार खंड: सिनेमा, गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, रेकॉर्ड नंबर. पहिला खंड १९८० मध्ये आला. हे काम स्टुडिओंनी केलं नाही, कुठल्या विद्यापीठानेही नाही. ज्या धंद्याने आपल्या कित्येक फिल्म्सच्या निगेटिव्हही सांभाळल्या नाहीत, त्याचा डेटाबेस एका रसिकाने पत्रव्यवहार करून उभा केला. आज नेटवर जुन्या गाण्याची माहिती शोधलीत तर बरेचदा ती फिरून फिरून याच कोशातून आलेली असते, बहुतेक वेळा कोशाचं नाव न घेता.

गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली, १९९४ मध्ये संपली. अमीन सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. आता मी ऑफिसला जाताना फोनवर गाणी ऐकतो. ॲपला माझ्याबद्दल झुमरी तलैयाच्या पोस्टमनपेक्षा खूप जास्त माहिती आहे, पण माझं नाव ते कुणाला ऐकवत नाही. त्याचं एक वेळ सोडा. २०२० मध्ये हिंदीतल्या गीतकारांना एकत्र येऊन 'क्रेडिट दे दो यार' नावाचं गाणंच करावं लागलं, स्वानंद किरकिरे, वरुण ग्रोव्हर, कौसर मुनीर वगैरे मंडळींना. तक्रार काय, तर ॲपवर आणि व्हिडिओखाली गीतकाराचं नावच नसतं. कामिनीनंतर ७१ वर्षांनी!

आजी-आजोबांच्या घरी माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर या वीकेंडला काढा. वाजवायला यंत्र नसलं तरी चालेल, मधलं गोल लेबल वाचा. नाव दिसलं तर ते गाणाऱ्याचं आहे की पात्राचं, ते बघा आणि खाली कॉमेंटमध्ये कळवा.