सिंथेसायझर व स्वरपट्ट

सिंथेसायझर : विद्युत् मंडलांच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करून त्याची उंची, पोत व चढउतार वादकाच्या इच्छेप्रमाणे घडविणारे वाद्य. मराठीत त्यास ध्वनिसंश्लेषक असेही म्हणता येते. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते. पेटीची पट्टी दाबली की हवेची वाट मोकळी होऊन पितळी पत्ती थरारते. या वाद्यांत बोट आणि नाद यांच्यामध्ये यांत्रिक दुवा असतो. सिंथेसायझरमध्ये हा दुवा नसतो. पट्टी केवळ आज्ञा देते आणि ती आज्ञा पाळणारे ध्वनिमंडल वेगळे असते. स्वरपट्ट, म्हणजेच कीबोर्ड, आणि ध्वनीचा उगम यांची ही फारकत या वाद्याच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. तिच्यामुळे एकट्या वादकाला अनेक वाद्यांचे नाद उपलब्ध झाले. परंतु बोटातील सूक्ष्म भेद यंत्रापर्यंत कितपत पोचतात आणि वाद्यवृंदातील इतर वादकांचे स्थान कोणते, हे प्रश्नही तिच्यातूनच उद्भवले.

पूर्वपीठिका : विजेवर चालणाऱ्या वाद्यांत वाहतुकीची अडचण आरंभापासून होती. अमेरिकन संशोधक थॅडिअस केहिल यांनी १८९७ मध्ये एकस्व मिळविलेल्या टेलहार्मोनियम या वाद्याची दुसरी आवृत्ती १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथे उभारण्यात आली. तिचे वजन सु. २०० टन होते व तिचे संगीत दूरध्वनीच्या तारांवरून ग्राहकांना ऐकविले जाई. हा उद्योग थोड्याच वर्षांत बंद पडला. फिरत्या दातेरी चाकांपासून स्वर निर्माण करण्याचे त्यातील तत्त्व लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या ऑर्गनमध्ये लहान आकारात साकार झाले. त्याची ‘बी-३’ ही आवृत्ती चर्चमध्ये, तसेच जॅझ व रॉक संगीतात फार लोकप्रिय झाली. तथापि बैठक व पायपट्ट्यांसह तिचे वजन १९० किग्रॅ.च्या आसपास असल्याने ती गावोगाव नेणे हे मोठे कष्टाचे काम असे. १९५७ मध्ये कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रात बसविलेला आरसीए कंपनीचा ‘मार्क-२’ सिंथेसायझर एक दालन व्यापीत असे. त्याला सूचना देण्यासाठी कागदी पट्टीवर छिद्रे पाडावी लागत. त्यामुळे तो मैफलीत वाजविण्याचा प्रश्नच नव्हता.

विद्युत् दाबाचे नियंत्रण : रॉबर्ट मोग यांनी संगीतरचनाकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये तयार केलेल्या उपकरणापासून आधुनिक सिंथेसायझरचा प्रारंभ मानला जातो. त्यात स्वर निर्माण करणारे आंदोलक, नको त्या कंप्रता गाळणारे गालक आणि ध्वनीची तीव्रता ठरविणारे विवर्धक हे तिन्ही घटक विद्युत् दाबाने नियंत्रित केलेले होते. एक व्होल्ट दाब वाढला की कंप्रता दुप्पट होई, म्हणजेच स्वर एक सप्तक वर जाई. एका सप्तकातील बारा पट्ट्यांपैकी लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये एकबारांश व्होल्टचे अंतर असे. अशा रीतीने स्वरपट्ट हे केवळ विद्युत् दाब पुरविणारे नियंत्रक बनले.

कॅलिफोर्नियात त्याच सुमारास डॉन ब्यूक्ला हे अशाच तत्त्वावर वाद्य बनवीत होते. त्यांनी मात्र पियानोसारखा स्वरपट्ट जाणीवपूर्वक नाकारला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोर असल्या की नवे वाद्यही जुन्या बारा स्वरांतच बोलू लागेल, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी स्पर्शाने चालणाऱ्या धातूच्या पट्ट्या वापरल्या. व्यवहारात मोग यांचा मार्ग सर्वमान्य झाला. वेंडी कार्लोस यांनी मोग सिंथेसायझरवर बाखच्या रचना एकेक स्वरावली स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून जुळविल्या. १९६८ मध्ये निघालेल्या त्या ध्वनिमुद्रिकेला मोठे यश लाभले आणि सिंथेसायझर म्हणजे स्वरपट्टाचे वाद्य, हे समीकरण रूढ झाले.

रंगमंचावरील अडचणी : कीथ एमर्सन यांनी १९७० मध्ये मोगचा मोठा, अनेक खणांचा संच रंगमंचावर आणला. या संचात प्रत्येक नव्या नादासाठी जोडतारा काढून पुन्हा जोडाव्या लागत. शिवाय ट्रँझिस्टरचे गुणधर्म तपमानानुसार बदलत असल्याने वाद्य कार्यक्रमाच्या ऐन मध्यात बेसूर होई व वादकाला ते वारंवार लावून घ्यावे लागे. १९७० मध्येच आलेल्या ‘मिनिमोग’ने यांपैकी पहिली अडचण दूर केली. त्यात आंतरिक जोडण्या कायमच्या होत्या, ४४ पट्ट्यांचा स्वरपट्ट वाद्याच्याच पेटीत होता आणि डाव्या हाताशी दोन चाके होती. एका चाकाने स्वर वरखाली ओढता येई व दुसऱ्याने त्याला कंप देता येई. मात्र एका वेळी एकच स्वर वाजत असे. अनेक स्वर एकाच वेळी वाजविणारी वाद्ये पुढे निघाली, पण ती अवजड होती. यामाहा कंपनीचा ‘सीएस-८०’ बोटाचा दाब प्रत्येक पट्टीगणिक ओळखीत असे. त्याचे वजन मात्र ८० किग्रॅ.पेक्षा अधिक होते. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीने ‘प्रॉफेट-५’ हा पाच स्वरांचा सिंथेसायझर सादर केला. त्यात सूक्ष्मप्रक्रियकाच्या साहाय्याने ४० नाद स्मृतीत साठविता येत. एक कळ दाबताच पूर्वी ठरविलेला नाद मिळू लागल्याने फिरत्या वादकाचे काम पुष्कळच सुकर झाले.

मिडी : तरीही निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जुळत नसत. कॉर्ग व यामाहा यांच्या काही वाद्यांत विद्युत् दाब व कंप्रता यांचे नातेच वेगळे होते. परिणामी प्रत्येक नादासाठी स्वतंत्र स्वरपट्ट बाळगणे वादकास भाग पडे आणि रंगमंचावर त्यांची चळत उभी राही. १९८१ मध्ये स्मिथ व त्यांचे सहकारी चेट वुड यांनी सामाईक अंकीय जोडणीची योजना मांडली. रोलंड या जपानी कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात ‘प्रॉफेट-६००’ व रोलंडचा ‘जुपिटर-६’ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. ‘म्यूझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’, संक्षेपाने ‘मिडी’, या नावाने ही पद्धती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी परवानाशुल्क आकारले गेले नाही, हे तिच्या जलद प्रसाराचे एक प्रमुख कारण होय.

मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, सूचना जातात : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली व केव्हा सोडली. सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक या वेगाने एका स्वराची सूचना पोचण्यास सु. एक सहस्रांश सेकंद लागतो. एका तारेतून १६ वाद्यांना स्वतंत्र सूचना देता येतात आणि आघाताची तीव्रता कमाल १२८ पायऱ्यांत मोजली जाते. यामुळे स्वतः कोणताही नाद न करणारे, निव्वळ आज्ञा देणारे स्वरपट्ट-नियंत्रक व स्वरपट्ट नसलेल्या ध्वनिपेट्या असे दोन स्वतंत्र प्रकार निर्माण झाले. रोलंडची ‘एमकेबी’ मालिका व पियानोप्रमाणे ८८ पट्ट्या असलेला यामाहाचा ‘केएक्स-८८’ ही पहिल्या प्रकाराची आरंभीची उदाहरणे होत. १९८३ मध्येच आलेला यामाहाचा ‘डीएक्स-७’ स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चौनिंग यांच्या कंप्रता-विरूपणाच्या शोधावर आधारलेला होता. तो एका वेळी १६ स्वर वाजवीत असे आणि त्याचे वजन सु. १४ किग्रॅ.च होते. एकट्या माणसाला काखोटीला मारून नेता येईल अशा या वाद्याच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या.

भारतातील प्रसार : अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मोगचा संच बसविण्यात आला होता, पण तेथील प्रयोग काही वर्षांतच थांबले. या वाद्याला खरा वाव मिळाला तो मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात. तेथे ते रुजविण्यात केरसी लॉर्ड यांचा आरंभीचा वाटा मोठा आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडचे ‘जुपिटर-८’, ‘टीबी-३०३’ व ‘टीआर-८०८’ ही वाद्ये योजून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. त्या काळी उपेक्षित राहिलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० मधील पुनर्मुद्रणानंतर जगभर गाजली. ‘टीबी-३०३’मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने रागातील मींडेचा काहीसा आभास तीत निर्माण करता आला.

हा मुद्दा भारतीय संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पेटीचे स्वर स्थिर असल्याने तिच्यावर मींड काढता येत नाही. या आक्षेपामुळेच आकाशवाणीवर १९४० पासून सु. तीन दशके तिला बंदी होती. सिंथेसायझरचे चाक ही उणीव अंशतः भरून काढते. परंतु मूळ मिडी पद्धतीत ते फिरविले असता त्या मार्गावरील सर्वच स्वर एकदम सरकतात. एक स्वर स्थिर ठेवून दुसरा ओढता येत नाही. ब्यूक्ला यांची शंका येथे वेगळ्या रूपाने खरी ठरली.

व्यवसायावरील परिणाम : मे १९८२ मध्ये इंग्लंडमधील वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरच्या वापरावर बंदी घालावी असा ठराव केला, संघटनेने देशभर तो अमलात आणला नाही. मुंबईत तसा ठराव झाल्याचे प्रसिद्ध नसले, तरी परिणाम अधिक खोलवर झाला. गोमंतकीय व्हायोलिनवादक, तुतारीवादक व पारशी वादक यांनी समृद्ध केलेले चित्रपटांचे मोठे वाद्यवृंद १९९० नंतरच्या काळात झपाट्याने लहान झाले. सिंथेसायझर व बहुमार्गी ध्वनिमुद्रण यांमुळे अनेकांनी एकत्र बसून वाजविण्याची गरज उरली नाही. त्याच वेळी लग्नसमारंभ, गणेशोत्सव व ऑर्केस्ट्रा यांत वाजविणाऱ्या स्वरपट्टवादकांना मात्र मागणी वाढली.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात ध्वनिनिर्मितीचे काम मोठ्या प्रमाणावर संगणकाकडे गेले असून, पुष्कळ वादक एक हलका नियंत्रक व संगणक घेऊन कार्यक्रमास जातात. संगणक बंद पडल्यास सर्वच नाद एकदम थांबतात; म्हणून अनुभवी वादक स्वयंपूर्ण वाद्यही सोबत ठेवतात. २०१८ मध्ये मान्य झालेल्या मिडीच्या विस्तारामुळे प्रत्येक स्वराला स्वतंत्र मार्ग देऊन तो वेगळा ओढता येतो, तर २०२० मध्ये स्वीकृत झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत मोजमापाच्या पायऱ्या कितीतरी सूक्ष्म करण्यात आल्या आहेत. तारवाद्यातील बोटाचा ओढा व दाब स्वरपट्टावर उतरविण्याच्या दृष्टीने या सुधारणा विशेष महत्त्वाच्या आहेत.