बिनवासाची दाढी

ब्रशने फेस करून, वस्तऱ्याने किंवा सेफ्टी रेझरने सावकाश दाढी करणाऱ्या हौशी मंडळींचा एक वर्ग आता जगभर आहे. ऋतू बदलला की साबण बदलायचा, ही त्यांची आवडती रीत. उन्हाळ्यात लिंबू आणि पुदिना, थंडीत लवंग, ऊद, चंदन. हे तर आपल्याकडे पूर्वीपासूनच होते, असे म्हणण्याचा मोह मराठी माणसाला चटकन होतो आणि त्याला आधारही सापडतात. चरकसंहितेने हेमंतात अंगाला अगरूचा दाट लेप सांगितला, वसंतात चंदन आणि अगरू, ग्रीष्मात चंदन. पंधरवड्यातून तीनदा केस, दाढी, नखे काढावीत असेही त्याच संहितेत आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या स्नानाचा आणि उट्यांचा स्वतंत्र विचार केला, तेव्हा कोल्हापूरचे शिलाहार त्याच चालुक्यांचे मांडलिक होते. दाढी होती, ऋतूंचे सुगंधही होते. पण दोन गोष्टी एकाच घरात होत्या एवढ्यावरून त्या एकत्र नांदत होत्या असे ठरत नाही. माझे म्हणणे असे की कोल्हापूर भागात ऋतूचा सुगंध दाढीत कधीच नव्हता. तो दाढीनंतरच्या आंघोळीत होता, आणि या दोहोंमध्ये जे अंतर होते त्याचे कारण सौंदर्यदृष्टीत सापडत नाही, ते जातीच्या व्यवहारात सापडते.

आधी धोकटी पाहू. बलुतेदार नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, धार लावायचा चामड्याचा पट्टा, कातर, नराणी, चिमटा, आरसा आणि पाण्याची वाटी असे. साबण नसे. गालावर पाणी लावून ते बोटांनी चोळचोळून दाढी मऊ करायची, वस्तरा चालवायचा आणि शेवटी तुरटीचा खडा फिरवायचा. पाणी, पोलाद, तुरटी, चामडे: यांतल्या चामड्याचा वास सोडला तर नाकाला कळावे असे काही नाही, आणि चामड्याचा वास कुणी हौसेने घेत नसे. हे काम ओसरीच्या बाहेर, पारावर किंवा ओढ्याकाठी चाले. ते झाले की गिऱ्हाइकाने घरात कशाला न शिवता सरळ न्हाणीघर गाठायचे. ‘हजामत करून आलास, आधी आंघोळ कर’ हा दटावणीचा सूर आजही पुष्कळ घरांत ऐकू येतो. क्षौर अशुद्ध आणि स्नान शुद्ध, अशी ही विभागणी. सुगंध शुद्धीच्या बाजूचा, म्हणून तो वस्तऱ्यापाशी थांबायचाच नाही.

आंघोळीच्या या बाजूला मात्र कोल्हापूर परिसराचे ऋतुचक्र चांगलेच भरगच्च होते. चैत्रात वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा भरते. गुलाल आणि खोबऱ्याच्या उधळणीबरोबर देवाला दवणा वाहतात. दवण्याची ती गोडसर, किंचित औषधी वासाची राखाडी-हिरवी जुडी त्याच दिवसांत बाजारात दिसते. वैशाखात वाळा येतो, मोगरा येतो. वाळ्याची गंमत अशी की त्याची मुळे भिजल्याखेरीज नीट दरवळत नाहीत, म्हणून तो पडद्यात असो की पाण्याच्या माठात, त्याला उन्हाळाच लागतो. भाद्रपदात गौरी-गणपतीच्या बाजारात केवडा. आणि आश्विनात नरक चतुर्दशीच्या पहाटे सुगंधी तेल व उटणे: नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन, वाळवलेली संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या. यातला बराचसा क्रम कुणी ठरवून आखलेला नाही. वनस्पती जेव्हा फुलते, जेव्हा तिचा पाला कोवळा असतो, तेव्हाच तिचा वास मिळे. साठवायचा तर वाळवून किंवा अत्तर काढून, आणि अत्तर महाग. सामान्य घराच्या सुगंधाला पंचांग होते ते असे, निसर्गानेच घातलेले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे वाडेवाल्यांचे चोचले, राबणाऱ्या माणसाला कसले उटणे? अत्तराबद्दल तो खरा आहे, दवण्याच्या जुडीबद्दल खरा नाही. जोतिबाच्या डोंगरावर जाणारे बहुसंख्य लोक शेतकरी आणि कष्टकरी, आणि ती जुडी त्यांच्याच हातात दिसते. दुसरा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. ज्या आंघोळीचे मी एवढे वर्णन केले ती मुळात कशासाठी होती? अंगावरचे केस धुण्यासाठी, हे निम्मे उत्तर झाले. उरलेले निम्मे असे, की दुसऱ्या जातीच्या माणसाचा हात लागला होता आणि तो धुवायचा होता. पन्हाळ्याच्या वेढ्यात 1660 साली शिवरायांचे रूप घेऊन मरण पत्करणारा शिवा काशीद हा पायथ्याच्या नेबापूरचा आणि याच व्यवसायातला. त्याच्या पराक्रमाचा अभिमान बाळगणारा हा प्रदेश त्याच्या जातभाईच्या स्पर्शानंतर घागरभर पाणी अंगावर घेत होता. त्याहून कठोर बाजू विधवांची. त्यांच्या केशवपनाला ऋतू नव्हता आणि नंतरच्या आंघोळीला गंध नव्हता. सुगंध, फुले, उटणे त्यांना वर्ज्यच. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी असे वपन करायला नकार दिला, तेव्हा या व्यवहारातला वस्तरा धरणारा हात जाहीरपणे स्वतःचे मत सांगत होता. ऋतुगंधाच्या जुन्या रीतीची गोडी सांगताना हे अंग झाकून ठेवणे लबाडीचे होईल.

ही घडी मोडली ती दोन वेगळ्या दिशांनी. एक दिशा रसायनशाळेची. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन याने 1868 मध्ये कूमारिन कृत्रिम रीतीने बनवले. वाळलेल्या गवताचा वास देणारे हे द्रव्य. 1882 मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या कंपनीने ते वापरून ‘फुजेर रोयाल’ हे अत्तर काढले. लव्हेंडर, कूमारिन आणि झाडावरचे शेवाळ यांचे ते मिश्रण पुढे पुरुषांच्या सुगंधाचा, म्हणून दाढीच्या साबणाचा आणि लोशनचा, जवळजवळ ठरलेला साचा झाले. गवत कापणीनंतर वाळते, पण बाटलीतले गवत बारा महिने वाळलेलेच. 1903 पासून जिलेटचा सेफ्टी रेझर विकला जाऊ लागला आणि दाढी घरात, आरशासमोर, रोजची झाली. चंदनासारखा देशी वाससुद्धा कारखान्यात गेला: पहिल्या महायुद्धाने युरोपची वाट बंद केल्यावर म्हैसूर संस्थानाने 1916 मध्ये स्वतःचा चंदनतेल कारखाना काढला. ग्रीष्मातला लेप वर्षभराची वडी होण्याची ही सुरुवात.

दुसरी दिशा कोल्हापूरच्या जास्त जवळची. शाहू महाराजांनी 1902 मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, 1918 मध्ये महार वतन रद्द केले, 1919 मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. चहाचे हॉटेल आणि केशकर्तनालय ही एकाच प्रकारची जागा आहे. खुर्ची आहे, दर ठरलेला आहे, पैसे दिले की काम होते, बलुत्याच्या वर्षाच्या धान्याशी संबंध नाही. अर्थात खुर्ची मांडली म्हणून ती सगळ्यांना मिळाली असे झाले नाही. दलितांची दाढी करायला नकार देणारी दुकाने पुढेही राहिली. म्हणूनच 1948 मध्ये घटना समितीत डॉ. आंबेडकरांना सांगावे लागले की मालक येणाऱ्याला सेवा द्यायला तयार असतो ती प्रत्येक जागा दुकानच. आणि 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने दुकानांच्या व्याख्येत केस कापण्याचे सलून नाव घेऊन घातले. या नव्या जागेत साबण, फेस, लोशन, पावडर सगळे खुर्चीतच मिळाले. गिऱ्हाईक तिथून उठले ते स्वच्छ होऊन, वास घेऊन. घरी जाऊन शुद्ध होण्याचे कारण उरले नाही. ऋतूचा सुगंध गेला तो या सोयीबरोबर, आणि मला हा सौदा तोट्याचा वाटत नाही.

कुणी मोती साबणाकडे बोट दाखवील. टाटा ऑइल मिल्सने आणलेला, गुलाब आणि चंदनाच्या वासाचा हा गोल साबण दिवाळीचाच म्हणून ओळखला जातो. मग कारखान्याने ऋतू मोडला कसा? पण तो आंघोळीचा साबण आहे. कारखानदाराला सणाचा वास विकायचा होता तेव्हा त्याने न्हाणीघर निवडले, कारण गिऱ्हाइकाच्या मनात सुगंधाची जागा तिथेच होती. दिवाळीची म्हणून दाढीची क्रीम रुजली नाही. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी केशकर्तनालयांत रांगा लागतात आणि उटणे दुसऱ्या पहाटे घरी लागते: जुनी विभागणी इतकी चिवट. श्रावणाचेही तसेच. दाढी न करता महिना पाळणारे कोल्हापुरात आजही पुष्कळ आहेत. दाढीचे पंचांग होते ते एवढेच. कधी करू नये हे ते सांगे, कशाच्या वासाने करावी हे त्याने कधी सांगितले नाही.

तेव्हा आज जो चैत्रात एक आणि मार्गशीर्षात दुसरा साबण काढतो, तो परंपरा पाळत नाही, नवी रीत घालतो. ती घालायला हरकत काहीच नाही, उलट त्यासाठी माल हाताशी आहे. दक्षिणेत पिकणाऱ्या दवण्याचे तेल काढले जाते आणि परदेशी अत्तरवाल्यांकडे जाते. वेगवेगळ्या माणसांच्या त्वचेवर ते वेगवेगळे दरवळते अशी त्याची ख्याती आहे. ते दाढीच्या साबणात घालायला कोल्हापुरातल्या एखाद्या लहान साबणवाल्याला जोतिबाचीही आडकाठी नाही आणि आता आंघोळीचीही नाही.